आभारी आहे, बाई

"आभारी आहे, बाई," पाण्याचा पेला परत देत रंगारी म्हणाला.

वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा खूश झाले. "शिका रे, बायकोशी असं बोलावं!" त्यांना भेटायला आलेली मुलंसुना हसली. रंगाऱ्याची बायको मात्र हसली नाही. लग्न झाल्यापासून या माणसानं तिचे कधी आभार मानले नव्हते. पाणी दिलं की "कोमट आहे", डबा दिला की "मीठ कुठंय?" कालच शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हाही कळवळत तो तिच्यावरच खेकसला होता.

ती तडक सिस्टरकडे गेली. "यांचं काहीतरी बिनसलंय हो. माझे आभार मानले त्यांनी."

सिस्टरला हसू येत होतं, पण तिचा चेहरा पाहून ती उठली. रंगाऱ्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा बराच उतरला होता. सदरा वर केला तर छातीवर, काखेत बारीक लाल ठिपके. मग एकच धावपळ उडाली.

"मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसांत गेलीय, मेंदूतही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती विरघळवणारं औषध नाही. शरीरच ती हळूहळू निस्तरतं. तोवर त्यांना गुंगीत ठेवू, श्वास मशीन देईल, बाकीचं आम्ही सांभाळू."

"शुद्धीवर आल्यावर मला ओळखतील ना?"

"बहुतेक जण ओळखतात. पण खात्री देत नाही."

त्यांनी खरंच सांभाळलं. सलाइन मोजूनमापून दिलं, रक्तदाब जपला, तब्येत जरा सावरताच हाड पक्कं बसवलं. सिस्टर त्याचं तोंड पुसायच्या आणि बेशुद्ध माणसालाही सांगायच्या, "काका, आता कुशीवर वळवते हं." बायकोचा जीव टांगणीला लागला होता, तरी त्या पोरींकडे पाहून तिचा ऊर भरून यायचा.

अखेर घशातली नळी निघाली. रंगाऱ्यानं सगळ्यांना हात जोडले. डॉक्टरबाईंना, सिस्टरना, अगदी फरशी पुसणाऱ्या मावशींनाही. आवाज बसला होता, तरी प्रत्येकीला "आभारी आहे" म्हणाला. बायकोवरून त्याची नजर तशीच पुढं सरकली. ती दोन पावलं मागं सरकली.

डॉक्टरबाईंनी तिला हाताला धरून पुढं आणलं. "आणि यांचे आभार? यांच्यामुळं वाचलात तुम्ही."

रंगाऱ्याच्या कपाळावर आठी उमटली. "तिचे कसले आभार? ती काय परकी आहे?"