पिवळी फुलं

"आजी, नाव ठरलं! शेवंती!" पाळण्याला फुलं बांधता बांधता नातसून प्रणाली म्हणाली. "आपल्याच मळ्यातलं फूल. तोडलं तरी लवकर सुकत नाही. आणि हल्ली कुणी ठेवतही नाही हे नाव."

"छान आहे," मी म्हणाले.

माझ्या सासूबाईंचं नावही तेच. सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. पण मळाभर तीच फुलं! मग मी त्यांना 'पिवळी फुलं' म्हणायला लागले. केडगावहून पाटी घेऊन नगरच्या बाजारात बसायचे, तेव्हा गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "मावशी, झेंडूबी पिवळाच हाय की! फुलाचं नाव सांगा." मी पदर तोंडाला लावायचे.

सासूबाई जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. आज म्हणायचंच, असं मी सकाळपासून मनाशी घोकत होते.

आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं. मग एकेक बाई पाळण्यावर वाकून बाळाला नावानं हाक मारू लागली. माझी पाळी आली. मी वाकले, तोंड उघडलं. जीभ हलेना. सगळ्या वाट बघत होत्या.

"काय गं," मी म्हणाले, "माझ्या पिवळ्या फुला!"

"अगं बाई, आजींनी लाडाचं नावसुद्धा शोधून ठेवलंय!" प्रणाली म्हणाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पदर तोंडाला लावला.