सात नंबरची उशी

"दोन वाजले का हो?" परवाना अधिकाऱ्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"घड्याळ तुमच्या समोरच आहे, साहेब," हेडक्लार्क बाई म्हणाल्या. "पाच मिनिटं आहेत."

बाजारात येऊ पाहणारं प्रत्येक नवं यंत्र आधी या कार्यालयात यायचं आणि साहेबांच्या सहीवर त्याचं नशीब ठरायचं. या खेपेला आली होती स्वप्नउशी. डोकं टेकायचं, एखादं माणूस मनात धरायचं, की ते स्वप्नात हजर! महिनाभर वीस जण रोज दुपारी तिच्यावर झोपत होते, आणि त्यात साहेब स्वतःही होते. वीसपैकी दहा उशा साध्याच, फक्त दिसायला तशा, हिरव्या दिव्यासकट. कुणाला कोणती, ते बंद लिफाफ्यात. निकालावर सही झाल्याशिवाय तो फोडायचा नाही, हा नियम साहेबांचाच. नाहीतर कंपन्या काय, गाढवालाही घोडा म्हणून विकतील.

एक शिक्षिका पहिल्याच आठवड्यात कुरकुरल्या होत्या, "मला तर काळा फळासुद्धा दिसत नाही." साहेब गालात हसले होते. बिचारीच्या वाट्याला साधी आली असणार.

दोन वाजता ते सात नंबरच्या उशीवर आडवे झाले. हिरवा दिवा लागला. पडदा हळूच फुगला, ऊन मऊ झालं, आणि खिडकीपाशी तीन वर्षांपूर्वी गेलेली बायको त्यांच्या सदऱ्याला बटण लावत बसली होती.

"चष्मा कुठे ठेवलात?"

"डोक्यावर."

"डोकं आहे म्हणजे! बरं वाटलं ऐकून."

साहेब तिच्याजवळ सरकले. "आजचा शेवटचा दिवस गं."

तिनं दोरा दातानं तोडला. "घाबरता कशाला एवढे? मी काय कुठे पळून चाललेय?"

जागे झाले तेव्हा गाल ओले होते. निकाल आजच द्यायचा होता. होकार दिला तर उद्या दुकानातून अशी उशी घरी नेता आली असती. मन तिकडेच ओढत होतं. पण गेल्याच आठवड्यात लेकीचा फोन आला होता. नात पहिलं पाऊल टाकून चालली, हे सांगायला. साहेबांनी "नंतर बोलू" म्हणून तो ठेवून दिला, कारण दोन वाजत आले होते. आपल्यासारख्या पिकल्या केसांच्या माणसाची ही गत, मग ज्यांचं कुणी कालच गेलं, ती माणसं अंथरुणातून उठतील तरी का?

त्यांनी 'परवाना नाकारला' असं लिहिलं. सही करताना पेन दोनदा अडखळलं. दुसऱ्यांदा बायको गेल्यासारखं वाटलं त्यांना.

"एखादी उशी... म्हणजे मी घरी..."

"नाकारलेला माल घरी न्यायचा नाही, साहेब. कलम नऊ. तुम्हीच घातलंय."

"घातलंय खरं. हात मोडला नाही माझा तेव्हा!"

बाईंनी लिफाफा पुढे सरकवला.

"आता त्यात काय बघायचं राहिलंय?"

"फाईलला जोडायचा आहे. फोडा."

साहेबांनी लिफाफा फोडला आणि डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. सातव्या ओळीत लिहिलं होतं: साधी उशी. आत फक्त कापूस.