उजवी बाही

काउंटीच्या जत्रेत मेंढी फिरवायची ती तिच्याच लोकरीचा स्वेटर घालून. लोर्नाचा स्वेटर आईने विणला होता. राहिलेली डावी बाही आईमागे लोर्नाने पुरी केली. आई गेल्यापासून मेंढी कुणाबरोबर चालत नव्हती. "आज अडली तर विकायची," भावाने बजावलं होतं. रिंगणात मेंढी लोर्नाच्या अंगावरच्या, आईने विणलेल्या उजव्या बाहीला नाक लावून निमूट चालली. मग परीक्षक पलीकडे गेले, तशी त्यांना मेंढी नीट दिसावी म्हणून रिवाजाप्रमाणे लोर्ना मेंढीच्या दुसऱ्या अंगाला आली. डावी बाही जवळ येताच मेंढीने पाय रोवले. "ओढ की गं!" भाऊ कुंपणावरून ओरडला. लोर्नाने सगळ्यांदेखत स्वेटर उतरवला आणि मागचं पुढे करून घातला; उजवी बाही डाव्या हातात आली. "उलटा झाला, पोरी! बक्षीस जाईल," परीक्षक म्हणाले. "जाऊ दे, काका." मेंढीने आईची बाही हुंगली, पाऊल उचललं. आईबरोबर चालायची तशीच ती चालू लागली; तिकडे वळून बघायचा धीर लोर्नाला झाला नाही.