परत करायचे पाय

हेलसिंकीच्या पालिकेने आईला तिच्या लुळ्या पायांवर चढवायला दिलेले यांत्रिक पाय परत करायला मृण्मयी पालिकेच्या केंद्रावर आली, तेव्हा आईचं तेरावं नुकतंच झालं होतं. रिकामे पाय तिच्या शेजारून आपले आपण चालत आले होते, किंचित डावीकडे झुकत. पोलिओमुळे सांगलीत कुबड्यांवर वाढलेली आई या परक्या शहरात याच पायांवर हिंडली होती आणि पायांनी तिची चाल उचलली होती. तिचं जिवंत म्हणावं असं आता एवढंच उरलं होतं.

"ती चाल पुसून टाकते," तंत्रज्ञ आयनो म्हणाली. "दुसऱ्या एक बाई या पायांची वाट बघतायत."

"एकदाच चालवा ना. दारापर्यंत."

पाय वळले. वळताना डावा पाय मृण्मयीच्या बुटाला लागला आणि दोन्ही पाय गुडघ्यांत वाकून तिथेच थांबले.

"अडकले वाटतं."

"नाही. आमच्यात कुणाला पाय लागला की वाकून नमस्कार करतात. आई मलाही करायची. लेकीला कसला नमस्कार, म्हणून मी चिडायचे. ती म्हणायची, 'गप गं. आजवर माझा पाय कुणाला लागलाच नव्हता. आता लागतोय तर करू दे की.'"

पाय अजून वाकलेलेच होते, नमस्कार पुरा व्हायची वाट बघत असल्यासारखे. मृण्मयीने त्यांच्या कमरपट्ट्यावर आईसारखा भार टाकला, वाकून स्वतःच्याच बुटाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. पाय सावकाश सरळ झाले.

"आता पुसा," ती म्हणाली.