तीन वर्षांत करंडक

वेंडेलचं डायलिसिस चालू असतानाच टीव्हीवर बातमी आली. शहराच्या बास्केटबॉल संघाने आपला हुकमी खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दोन नवखी पोरं घेतली होती. त्याच खेळाडूची जर्सी म्हाताऱ्याच्या अंगात होती. शेजारी बसलेली त्याची लेक रेनीटा मात्र खुशीत होती. “सौदा वाईट नाही, डॅडी. यंदा सपाटून मार खाऊ, पण ही पोरं तयार झाली की तीन वर्षांत करंडक आपलाच.” “तीन वर्षांत,” वेंडेल म्हणाला. डॉक्टरांनी जेमतेम वर्षाची मुदत सांगितली होती, हे तिला तेव्हा आठवलं. विषय त्यानेच बदलला. “शुक्रवारच्या सामन्याचं बोल. जिंकू का?” हा खेळ तिला त्याने शिकवला होता, त्या बाबतीत ती त्याच्याशी कधीच खोटं बोलली नव्हती. “जिंकू,” ती म्हणाली. “खोटारडी,” तो हसला. “तरी दोन तिकिटं काढ.”