बांधावरची काता

“यांना ही कुणी शिकवली?” दिनानाथ सरांनी विचारलं.

निडी गावातल्या शाळेच्या पडवीत नऊ मुली पाय फाकवून, गुडघे वाकवून एका रांगेत उभ्या होत्या. कराटे सुरू करून जेमतेम तीन महिने झालेल्या, पांढऱ्या पट्ट्याच्या पोरी. आणि करत होत्या तेक्की! ठरावीक चालींची ही काता सर ब्राऊन बेल्टवाल्यांनाही हात राखूनच शिकवायचे.

“मीच,” निडीचा हा क्लास चालवणारी, सरांचीच जुनी विद्यार्थिनी नम्रता म्हणाली. हिचं नाव नम्रता कुणी ठेवलं, हा प्रश्न सरांच्या पेणच्या क्लासात दहा वर्षं चघळला गेला होता.

“पहिली काता हेयान. सव्वीस वर्षं मी तीच शिकवतोय, तूही तीच शिकलीस. पुढच्या रविवारी परीक्षा आहे. यलो बेल्टला हेयान विचारतात. यांना काय येतं? खेकड्यासारखं आडवं चालायला!”

नम्रताला चीड आली. खेकड्याला हसणाऱ्यानं त्याच्या नांगीत एकदा बोट घालून बघावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, “सर, जरा बांधावर येता?”

शाळेमागून स्टेशनकडे जाणारा बांध दीड हात रुंद. दोन्ही अंगांना भाताची खाचरं, पाण्यानं भरलेली. रोह्याच्या कॉलेजातून पोरी संध्याकाळी याच वाटेनं घरी येतात. आणि याच वाटेवर गेल्या वर्षापासून चार टवाळ उभे राहतात, दोन पुढे, दोन मागे. अंगाला हात लावत नाहीत, नुसते हलत नाहीत. मग पोरीनं चिखलात उतरायचं आणि त्यांनी दात काढायचे. नऊ जणींतल्या मैनाच्या बापानं तर सांगून टाकलं होतं, आणखी एकदा चिखलानं भरून आलीस तर कॉलेज बंद.

नम्रता पुढे चालली, तिच्या मागे सर, सरांच्या मागे पोरी. बांधाच्या मध्यावर ती थांबली.

“इथं करा सर हेयान. पहिलीच चाल करा फक्त.”

सरांनी मुठी आवळल्या, मान डावीकडे वळवली, डावा पाय उचलला. तो पाय खाचरावर अधांतरीच राहिला. हेयानची पहिली चाल डावीकडे जाते, हे सरांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी पाय मुकाट्यानं जागेवर आणला.

“तेक्की आडवी एका रेघेत चालते, रेघ सोडत नाय, सर. पुढचा आणि मागचा, दोघांचाही इलाज तिच्यात हाय. भाताची लावणी करणाऱ्या पोरी हायत या, अशी बैठक यांना शिकवावी लागत नाय. यांना जी लागते तीच मी आधी शिकवली.”

“आणि परीक्षा?”

“नापास करा.”

बोलून गेली खरी, पण तिच्या हातात जे काही होतं ते सगळं या माणसानं दिलेलं होतं.

“मग या क्लासला माझं नाव लावू नकोस,” सर म्हणाले आणि शाळेकडे, आपल्या मोटारसायकलकडे जायला वळले.

समोर मैना होती. तिच्यामागे आठ जणी.

“बाजूला हो गो,” सर म्हणाले. रागानं नव्हे, सवयीनं.

मागच्या दोघींनी सवयीनंच एकेक पाय चिखलात घातला. मैनानं घातला नाही. ती खाचराकडे तोंड करून उभी राहिली, पाय फाकवले, मुठी कमरेशी नेल्या आणि मान वळवून सरांकडे बघितलं. ते पाहून मागच्या दोघींनी पाय वर घेतले. एकामागून एक आठही जणी तशाच बैठकीत उभ्या राहिल्या.

“सांग हिला काहीतरी,” सर नम्रताला म्हणाले.

“काता मध्येच तोडायची नाय, हे तुम्हीच शिकवलंय.”

सर आणि मैना यांच्यात हातभर अंतर उरलं होतं. मैनाची बैठक तसूभरही हलली नाही.

“तुम्ही उतरा, सर,” ती म्हणाली.

सरांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि भाताच्या रोपांचे चूड चुकवत चिखलात पाय घातला.

नऊ जणींच्या समोरून ते गेले. एकही हसली नाही.