डागणीचा नमुना

लहानपणी ज्या रँचमधून आम्हाला बंदूक दाखवून हाकललं, तिथे आता संग्रहालय आहे; मी सहलीच्या बसमधून, तिकीट काढून शिरले. काचेमागे बाबांची गुरं डागायची सळई होती. खाली पाटी: ‘मालक अज्ञात.’ “ही आमची, इनोहोसांची,” मी म्हणाले. गाईड हसला. “आजी, रिओ ग्रांदे नदीकाठची प्रत्येक म्हातारी मालकीणच असते! ही खूण सरकारी नोंदवहीत नाहीये.” “असेल कशी, शहाण्या? सळईवर खूण उलटी घडवतात, म्हणजे कातड्यावर सुलटी उठते. नोंद कातड्यावरच्या खुणेची असते.” मी बाही वर केली. माझ्या सहाव्या वर्षी डागताना वासरू उसळलं आणि सळई दंडाला टेकली होती. गाईडने तो व्रण निरखून पाहिला, फोटो काढला, आभार मानले. यंदा पुन्हा गेले. सळईशेजारी माझ्या दंडाचा फोटो आहे. खाली पाटी: ‘डागणीचा नमुना.’ मालक अजून अज्ञातच आहे. मी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.